आयत्या वेळचा राजीनामा

पक्षाच्या त्या शाखेत आजवर एकही ठराव नापास झालेला नाही, आणि याचं सगळं श्रेय गाद्यांना जातं.

शाखाध्यक्ष भाऊंचं गाद्यांचं दुकान होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं जायचं. पूर्ण ओढलं तर पक्षाने जनतेला दार बंद केलं असं दिसायचं, आणि उघडं ठेवलं तर जनता गादीचा भाव विचारायला आत यायची. सभासद वाकून आत शिरायचे. आत खुर्ची एकच, तिच्यावर भाऊ. बाकीच्यांनी गाद्यांवर बसायचं. बैठक संपल्यावर त्याच गाद्या विकायच्या असल्यामुळे त्यांचं प्लास्टिक कधी काढलं जात नसे. कुणी मांडी बदलली की असा काही चरचराट व्हायचा, की सगळी शाखा वळून त्याच्याकडे बघायची. त्यामुळे शाखेत कुणी मांडी बदलत नसे, आणि मतही.

शाखेचा नियम असा होता: आक्षेप घ्यायचा तर उभं राहून घ्यायचा, अनुमोदन बसून दिलं तरी चालेल. हा नियम भाऊंनी केला त्याच आठवड्यात बैठकीतली लाकडी बाकं गेली आणि गाद्या आल्या. जाड फोमवरून उठायचं म्हणजे आधी एका कुशीवर कलायचं, मग हात टेकायचा, टेकलेला हात कोपरापर्यंत आत जायचा, मग शेजाऱ्याचा खांदा शोधायचा. तेवढ्यात भाऊंनी "कुणाचा आक्षेप? नाही. मंजूर," म्हणून टेबलावरची घंटी वाजवलेली असायची. अर्धवट उठलेला माणूस मग आपण मुळात पाणी प्यायलाच उठलो होतो असा चेहरा करायचा. त्या शाखेत पाणी फार प्यायलं जायचं.

आणि या सगळ्या मंजुऱ्यांना अनुमोदन देणारं माणूस एकच होतं. कोपऱ्यावरच्या लाँड्रीची मालकीण. कधीतरी पहिल्या बैठकीत कुणीच तोंड उघडेना म्हणून ती बिचारी म्हणाली होती, "अनुमोदन," आणि तेव्हापासून ते काम तिच्याच गळ्यात पडलं. भाऊंनी ठराव वाचायचा, त्यांचा आवाज शेवटच्या शब्दावर जरा खाली उतरायचा, आणि तिने म्हणायचं "अनुमोदन." पुढेपुढे तिला ठराव ऐकावाही लागत नसे, आवाज उतरला की तोंडातून शब्द आपसूक बाहेर यायचा. लोक तिला आधी थट्टेने 'अनुमोदनताई' म्हणायला लागले. मग तेवढं लांब नाव कोण घेणार म्हणून 'अनुताई'. नवे सभासद तिचं नाव अनुराधा आहे असं समजून चालत, आणि एकाने तर तिला त्या नावाने सभासदपत्रही पाठवलं होतं. तिने ते परत केलं नाही. छान दिसत होतं.

पण बैठकीबाहेरची अनुताई वेगळी होती. त्या वॉर्डात असा जिना नाही जो ती इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन चढलेली नाही. कुणाचं मतदारयादीत नाव नाही, कुणाच्या सासऱ्याचं अजून आहे पण सासरा नाही, कोणत्या इमारतीत पत्रकं वाचतात आणि कोणत्या इमारतीत त्यांनी काच पुसतात, हे तिला पाठ होतं. निवडणुकीत भाऊ जीपमधून हात हलवायचे आणि अनुताई जिने चढायची. मतं जिन्यांवरून यायची, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून यंदा वॉर्डाची उमेदवारी तिला, असं भाऊंनीच भरबैठकीत सांगितलं होतं. "यंदा तूच, अनु. शब्द आहे माझा." सासूबाईंनी त्या दिवशी शेजारणीला बोलावून चहा पाजला होता, आणि सासूबाई शेजारणीला चहा पाजत नसत.

मग गेल्या महिन्याची बैठक झाली.

दिवस उकाड्याचा होता. अनुताई पहाटेपासून एका रुग्णालयाच्या चादरी धूत होती. कार्यक्रमपत्रिकेतले विषय संपले आणि शेवटी नेहमीप्रमाणे 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' आले. पंखा गरगरत होता, गादी मऊ होती, आणि अनुताईचे डोळे उघडे असले तरी त्यांच्या मागे कुणी नव्हतं. भाऊ वाचत होते: पक्षहिताचा साकल्याने विचार करता, तरुण नेतृत्वाला संधी मिळावी या हेतूने, वॉर्डाच्या उमेदवारीसाठी यापूर्वी सुचवलेलं नाव मागे घेऊन त्या जागी आपल्या शाखेचे उत्साही कार्यकर्ते, म्हणजे भाऊंच्या बायकोचे धाकटे भाऊ, यांचं नाव वर पाठवण्यात यावं.

आवाज खाली उतरला.

"अनुमोदन," अनुताई म्हणाली.

"कुणाचा आक्षेप? नाही. मंजूर." घंटी.

तिला जाग आली ती शांततेने. सगळे तिच्याकडे बघत होते, मांडीही न बदलता. मग केबलवाल्याला हसू आलं. ते त्याने दाबलं, दाबलेलं नाकातून आलं, आणि मग सगळी शाखा हसली. मेहुणा सगळ्यात जास्त.

काय मंजूर झालं हे शेजारच्या बाईने कानात सांगितलं तेव्हा अनुताई उठायला लागली. कुशीवर कलली, हात टेकला, हात आत गेला.

"बस, अनु, बस," भाऊ मायेने म्हणाले. "पास झालेला ठराव शाखा त्याच बैठकीत पुन्हा उघडत नाही. आणि अनुमोदन तुझंच आहे. आम्ही तुझ्या शब्दाला मान दिला."

ती घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. नवरा तिला बघताच आत गेला आणि आतून उशीत तोंड खुपसून हसल्यासारखे आवाज यायला लागले. सासूबाई लाँड्रीच्या काउंटरमागे शर्टांच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"स्वतःचंच नाव कापलंस म्हणे?"

"कापलं नाही, आई. कापायला अनुमोदन दिलं."

"म्हणजे सुरी त्यांची, मान आपली, आणि वर 'चालू द्या' असंही आपणच म्हणायचं."

"झोप लागली होती मला."

"त्याला ठाऊक होतं तुला झोप लागलीय ते?"

अनुताईला आठवलं की वाचायला सुरुवात करण्याआधी भाऊंनी मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं होतं, आणि पंखा एक घर वाढवायला सांगितलं होतं.

"ठाऊक होतं," ती म्हणाली.

सासूबाईंनी घडी घातलेला शर्ट बाजूला ठेवला. अढी धरण्याच्या बाबतीत सासूबाईंचा अधिकार मोठा होता. स्वतःच्या सख्ख्या बहिणीशी त्या इतकी वर्षं बोलत नव्हत्या की कारण दोघीही विसरल्या होत्या, तरी एकीनेही कधी खाडा केला नव्हता.

"रडायचंय की फेडायचंय?" त्यांनी विचारलं. "दोन्ही एकदम नाही जमत. रडायचं असेल तर मी गिऱ्हाईक बघते, तू आत जा."

"फेडायचंय."

"मग सांग, तो माणूस विचार न करता काय बोलतो? तू झोपेत 'अनुमोदन' म्हणतेस. तो झोपेत काय म्हणतो?"

अनुताईने विचार केला. "राजीनामा देतो म्हणतो."

"कधी म्हणाला?"

"दर महिन्याला. कुणी जरा काही विचारलं, चहात साखर कमी का असं जरी विचारलं, तरी म्हणतात, मग माझा राजीनामा घ्या. मग सगळे म्हणतात, नको भाऊ, नको भाऊ. मेहुणा सगळ्यात आधी. मग ते कसेबसे तयार होतात."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर असा प्रकाश आला की बाहेरून जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाला वाटलं दुकानात नवा दिवा बसवलाय.

"आणि तो 'राजीनामा घ्या' म्हणाला की आवाज खाली येतो का गं त्याचा?"

नावं वर पाठवायची शेवटची तारीख पुढच्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी होती. तोवर शाखा अध्यक्ष बदलू शकत होती, नावही बदलू शकत होती. त्यानंतर मेहुणा उमेदवार, आणि अनुताई त्याच्यासाठी जिने चढणार. मेहुण्याने तसं तिला सांगूनही टाकलं होतं. "ताई, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही," तो म्हणाला होता. त्याला खरंच काळजी नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं.

अनुताई कपड्यांचे गठ्ठे घेऊन निघाली. या वेळी सभासदांच्या घरी ती दारात थांबत नव्हती, आत जाऊन बसत होती.

पहिल्यांदा मास्तर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर शाखेचे सचिव होते. त्यांना बैठकीचं इतिवृत्त लिहावं लागे, आणि भाऊ प्रत्येक ठरावापुढे 'टाळ्यांच्या गजरात' असं लिहायला लावत. जन्मभर नद्यांची लांबी अचूक सांगितलेल्या माणसाला हे सहन होत नव्हतं.

"मला काय करावं लागेल?" मास्तरांनी दाराकडे बघत विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे?"

"भाऊ राजीनामा म्हणतील. तेव्हा 'नको भाऊ' म्हणायचं नाही. बसून राहायचं."

"फक्त बसून?"

"गादीवर."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "अशा प्रकारची क्रांती मला झेपेल," ते म्हणाले.

मग क्लच. ती गाडी चालवायला शिकवायची, दिवसभर तोंडात 'क्लच, क्लच' एवढंच, म्हणून तिचं नाव तेच. भाऊ तिच्याकडे शिकले होते आणि परीक्षेत इतक्यांदा नापास झाले होते की परीक्षा घेणारा त्यांना घरची खुशाली विचारायचा. भाऊ सगळीकडे सांगत की दोष तिच्या गाडीच्या क्लचमध्ये आहे.

"मी नुसती बसणार नाही," क्लच म्हणाली. "मला काहीतरी करायला दे. मी त्यांच्या टायरची हवा काढते."

"हवा नको. तू त्यांना डिवच. आयत्या वेळच्या विषयांत. पण बेताने. त्यांना राग यायला हवा, संशय नको."

"म्हणजे हाफ क्लच," क्लच म्हणाली, आणि मनापासून समाधानी झाली.

केबलवाला आधी तयार होईना. तो म्हणाला, "ताई, मी तटस्थ आहे."

"तटस्थच हवेत."

"नाही, म्हणजे मी कुणाच्याच बाजूने नाही."

"अरे मग तोंड उघडू नकोस कुणाच्याच बाजूने."

हे त्याच्या तत्त्वात बसत होतं. गेल्या महिन्यात नाकातून हसल्याची भरपाई म्हणून त्याने चार दिवस बंद पडलेलं लाँड्रीचं इंटरनेटही त्याच संध्याकाळी जोडून दिलं.

असं तिने घरोघर केलं. त्या पक्षात नवीन काही करा म्हटलं असतं तर समिती नेमावी लागली असती. काही करू नका म्हटल्यावर सगळे एका आठवड्यात संघटित झाले.

घरी सासूबाई तालीम घेत होत्या. इस्त्री चालू असताना मध्येच त्या जाड आवाज काढायच्या, "माझा राजीनामा घ्या," आणि अनुताईने म्हणायचं, "अनुमोदन."

"नाही. यात तुझा राग ऐकू येतो."

"येणारच, आई."

"मग तो सावध होईल. झोपेतलं म्हण. गेली इतकी वर्षं म्हणालीस तसं म्हण. गाईसारखं."

अनुताईला ते जमेना. ज्या शब्दाने तिचं नाक कापलं होतं तो शब्द जिभेवर आला की दात आवळले जायचे. नवरासुद्धा मदतीला आला. तो भाऊंची नक्कल चांगली करायचा, इतकी चांगली की एकदा अनुताईने त्याच्या अंगावर ओला टॉवेल फेकला. शेवटी तिने चादरींचा आणखी एक मोठा गठ्ठा अंगावर घेतला आणि दोन दिवस राबून दमून गेली. मग आवाज आला. अगदी गाईसारखा.

रविवारी मेहुणा आला तेव्हा अनुताई आधीच तिथे होती. दुकानाच्या मध्यभागी नवी आलेली गादी मांडली होती. माणसाच्या अंगाचा आकार लक्षात ठेवणारा फोम, उंची कमरेपर्यंत. भाऊ तिच्यावर कुणाला बसू देत नसत.

"तुम्ही आज खाली नका बसू," अनुताई मेहुण्याला म्हणाली. "उमेदवार आहात. सगळ्यांना दिसेल अशा जागी बसा."

मेहुण्याने भाऊंकडे बघितलं. भाऊंना तिचा मोठेपणा आवडला. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "याला म्हणतात पक्षशिस्त. बस रे तू."

मेहुणा बसला. फोमने त्याला हळूहळू आत घेतलं, आधी कंबर, मग पोट, आणि तो जिथे थांबला तिथून त्याचे फक्त खांदे, डोकं आणि दोन गुडघे दिसत होते. "मस्त आहे," तो आतून म्हणाला.

विषय एकेक करून झाले. गटाराचं झालं, दिव्यांचं झालं, वर्गणीचं झालं. अनुताई म्हणत गेली आणि घंटी वाजत गेली. भाऊ खुशीत होते. आयत्या वेळचे विषय आले तेव्हा क्लचने हात वर केला.

"साधंच विचारायचंय, भाऊ. चौकातल्या फलकावर मेहुण्यांचा चेहरा केवढा आहे, आणि पक्षाचं चिन्ह त्यांच्या कानाहून लहान आहे. चिन्हापेक्षा कान मोठा ठेवायचा असा काही वरून आदेश आहे का?"

"छपाईवाल्याची चूक आहे."

"बरं. नाही, लोक विचारतात ना. म्हणतात पक्षाचं चिन्ह कान आहे का."

कुणीतरी हसलं. प्लास्टिक चरचरलं. भाऊंच्या गळ्याची शीर दिसायला लागली.

"तुम्हाला काय सुचवायचंय?"

"काही नाही, भाऊ. मी कशाला सुचवू. माझा तर क्लचच खराब."

भाऊंनी कागद आपटला. "मी रक्ताचं पाणी करून ही शाखा उभी केली. माझ्या दुकानात तुम्ही बसता, माझ्या गाद्यांवर बसता, माझा चहा पिता, आणि माझ्याच घरच्या माणसाचे कान मोजता? अध्यक्षावर विश्वास नसेल तर सरळ सांगा. मी स्वतःच ठराव मांडतो. आत्ता, या क्षणी, शाखेच्या अध्यक्षपदाचा माझा राजीनामा घेण्यात यावा."

आवाज खाली उतरला.

भाऊ थांबले. ही जागा 'नको भाऊ'ची होती. मास्तर छताकडे बघत होते. केबलवाला तटस्थ होता. बाकीची शाखा गादीवर बसली होती, फक्त बसली होती. मेहुण्याला काहीतरी चुकतंय हे सगळ्यांआधी कळलं. त्याने उठायला एक गुडघा वळवला, फोमने तो लक्षात ठेवला आणि परत जागेवर आणला. "न..." एवढं तो म्हणाला.

"अनुमोदन," अनुताई म्हणाली, गाईसारखं.

"कुणाचा आक्षेप? नाही. मंजूर," भाऊ म्हणाले, आणि घंटी वाजवली.

घंटीचा आवाज विरला तरी भाऊंचा हात तिच्यावरच होता. ते त्या हाताकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

"मास्तर," ते म्हणाले, "हे लिहू नका."

"लिहिलं."

"काय लिहिलं?"

"टाळ्यांच्या गजरात."

"टाळ्या कुठे वाजल्या?"

क्लचने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच, पण बराच वेळ.

"अरे मी रागात बोललो. दर महिन्याला बोलतो. तुम्हाला माहीत आहे."

"पास झालेला ठराव शाखा त्याच बैठकीत पुन्हा उघडत नाही, भाऊ," अनुताई म्हणाली. "आणि मांडलात तुम्हीच. आम्ही तुमच्या शब्दाला मान दिला."

मेहुणा गादीतून कसाबसा बाहेर पडला. त्याने आक्षेप घ्यायला हवा होता, पण तो घाबरला की बहिणीला फोन करायचा, तसा तो शटरखालून वाकून फोन करायला रस्त्यावर गेला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते, इकडून तिकडे जाताना.

अध्यक्ष नसेल तर सचिवाने बैठक चालवायची असते. मास्तर येऊन खुर्चीशेजारी उभे राहिले आणि उभेच राहिले, शाळेत पोरं बाकावरून उठेपर्यंत राहायचे तसे. भाऊ उठले. दुसरी खुर्ची नव्हती. दुकानाच्या मालकाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या गादीवर बसून पाहिलं. जागा अनुताईच्या शेजारची होती.

"आयत्या वेळचे विषय चालू आहेत," मास्तर म्हणाले.

क्लचकडे दोन होते. एक, उमेदवारीसाठी मेहुण्यांचं नाव मागे घेऊन अनुताईंचं पाठवावं. दोन, ऐन निवडणुकीच्या तोंडावर राजीनामा देऊन शाखेला वाऱ्यावर सोडल्याबद्दल माजी अध्यक्षांना पक्षातून काढून टाकावं.

"पहिल्या ठरावाला अनुमोदन?" मास्तरांनी विचारलं, आणि सगळ्यांनी सवयीने अनुताईकडे बघितलं.

"स्वतःच्या नावाला स्वतः देता येत नाही," मास्तर म्हणाले.

"गेल्या महिन्यात दिलं की मी."

"ते काढण्यासाठी होतं. काढायला चालतं."

मग कुणी बोलेना. त्या शाखेत दुसऱ्या कुणी तो शब्द कधी उच्चारलाच नव्हता. केबलवाल्याने तत्त्व बाजूला ठेवून तोंड उघडलं, 'अनु'पर्यंत आला, पण आपण ताईला नुसत्या नावाने हाक मारतोय असं वाटून लाजला आणि थांबला. क्लच सूचक होती, तिला चालणार नव्हतं. बाकीच्यांना महिनाभर काही न करायला शिकवलं होतं आणि ते अजून तेच करत होते.

अनुताईने शेजारी बघितलं. "भाऊ," ती हळू म्हणाली, "तुम्ही द्या."

"मी? माझ्या मेहुण्याविरुद्ध?"

"नाही दिलंत तर हा ठराव पडेल. मग दुसरा येईल. त्याला अनुमोदन द्यायला मी मोकळी आहे."

भाऊंना ते कळायला थोडा वेळ लागला. पक्ष गेला तर त्यांना चौकात भाऊ कोण म्हणणार होतं. गाद्यांचा दुकानदार म्हणून कुणी त्यांना पाहिलंच नव्हतं, गिऱ्हाइकांनीसुद्धा.

"मी पहिल्याला दिलं तर तू दुसऱ्याला देणार नाहीस?"

"मी कधी तुमच्या शब्दाबाहेर गेले का, भाऊ?"

भाऊंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. चेहरा गाईसारखा होता.

"अनुमोदन," ते म्हणाले.

"ऐकू आलं नाही," मास्तर म्हणाले.

"अनुमोदन."

"मागच्या रांगेला नाही आलं."

भाऊंनी तिसऱ्यांदा ते इतक्या मोठ्याने म्हटलं की शटरखाली फिरणारे पाय थांबले. आक्षेप नव्हता. घंटी वाजली. अनुताईचं नाव कागदावर चढलं, आणि तिने ते चढताना बघितलं, शेवटच्या अक्षरापर्यंत. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. इथे थांबता आलं असतं.

"ठराव दुसरा," मास्तर म्हणाले. "अनुमोदन?"

कुणी बोललं नाही. भाऊ अनुताईकडे बघून जरासे हसले, ओळखीचं हसले, जसे गेल्या महिन्यात पंखा वाढवताना हसले असतील. तिने त्यांना हसू दिलं. हसू पूर्ण होऊन त्यांनी पाय पसरले, तोवर ती थांबली.

"अनुमोदन," ती म्हणाली. या वेळी तिला गाईसारखं म्हणायची गरज नव्हती, आणि ती म्हणालीही नाही.

भाऊ उठायला लागले. कुशीवर कलले, हात टेकला, हात कोपरापर्यंत आत गेला. दुसरा हात त्यांनी शेजारच्या खांद्यासाठी पुढे केला. अनुताई सरकली. प्लास्टिक चरचरलं, सगळ्या शाखेने बघितलं, आणि भाऊंचा हात हवेत राहिला.

"कुणाचा आक्षेप?" मास्तरांनी विचारलं. त्यांनी जरा जास्तच वेळ दिला, कारण ते न्यायी होते. पण गादीही चांगल्या प्रतीची होती. "नाही. मंजूर."

भाऊ उभे राहिले तेव्हा ते पक्षात नव्हते. भिंतीपाशी जाऊन त्यांनी एकेक बटण बंद करायला सुरुवात केली, आधी पंखा, मग दिवे. शाखा अंधारात चपला चाचपत, एकमेकांच्या पाठीवर आपटत, शटरखालून रस्त्यावर आली. मेहुणा फोन कानाला धरून उभा होता.

"काय झालं आत?" त्याने विचारलं.

"तुमच्या भाऊजींनी अनुमोदन दिलं," अनुताई म्हणाली आणि घरी गेली.

सूड घेतल्यावर माणसाला आतून रिकामं वाटतं, असं तिने पुष्कळ जणांकडून ऐकलं होतं. तिने वाट बघितली. जेवताना बघितली, भांडी घासताना बघितली. काही वाटलं नाही. पोट मात्र भरल्यासारखं वाटत होतं. सासूबाईंनी सगळी हकीकत सुरुवातीपासून सांगायला लावली, आणि हात हवेत राहिला तिथे पुन्हा.

सकाळी काउंटरवर भाऊ आले. इस्त्रीला टाकलेले पांढरे शर्ट न्यायचे होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्यांच्या यादीत आता बहिणीखाली एक जागा भरली होती.

अनुताईने शर्टांचा गठ्ठा पुढे ठेवला. घड्या नेहमीसारख्याच, कॉलर कडक. कामात ती राग आणत नसे.

"मला वाटलं होतं तू शब्द दिलास, अनु."

"मी प्रश्न विचारला होता, भाऊ."

भाऊंनी सवयीने वरच्या शर्टाच्या खिशावरून बोट फिरवलं. तिथे दोन बारीक भोकं होती.

"याच्यावर बिल्ला राहिला होता माझा. पक्षाचा."

"हो," अनुताई म्हणाली. "काढून ठेवलाय."

भाऊंनी हात पुढे केला.

"सभासदांसाठी असतो तो," ती म्हणाली, आणि इस्त्री गरम झाली का ते बघायला तिच्यावर पाण्याचा थेंब उडवला. इस्त्री चर्र झाली. तिने पुढचा शर्ट पसरला.